म्हातारीची मुळी

कापडे, ता. पोलादपूर
९ डिसेंबर १९५७

चिरंजीव सयाजीस बायचा आशीर्वाद पोचावा.

लिहिणार नेहमीप्रमाणे मी, तुझा दाजी हैबती. तुझी बहीण चुलीपुढे बसून सांगते आहे, मी उंबऱ्यात बसून लिहितो आहे. मध्ये कुठे माझं काही घुसलं तर तू ओळखशीलच.

म्हणते, भात झोडून झालं, पेंढा रचला. म्हणते, भाऊबीजेला आला नाहीस, एक दिवस दुकान बंद ठेवलंस तर महाडची माणसं काय मरणार होती काय. म्हणते, गोदावरीला माहेरी धाडून तू खानावळीत जेवत होतास, हे हॉटेलवाल्या गोमाजीने पोलादपूरच्या स्टँडवर सगळ्यांदेखत सांगितलं. बायको नसली की भात टाकायची लाज वाटते काय? पोटाची आग झाली तर मी काय येऊन शिजवणार नाय. (हे ती दोनदा म्हणाली. मी एकदाच लिहिलं.)

आता खरी गोष्ट. म्हणते, यांचे डोळे पिवळे झालेत. 'यांचे' म्हणजे माझे. नाव ती घेणार नाही आणि तिच्या तोंडी मी घालणार नाही. दिवाळीपासून अन्न नको वाटतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले तर पाणी पिवळंजर्द झालं. मग वाडीवरच्या ठमाबाईला बोलावलं. तिने काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवली. माळ वाढत वाढत खाली उतरते, पायांपर्यंत आली की कावीळ गेली, असं तिचं शास्त्र. माझी माळ कपाळावरून गळ्यात आली आणि तिथेच अडकली. काढायची नाही असा हुकूम. परवा तशीच घालून बाजारात गेलो तर गोमाजी म्हणतो, "हैबतीराव, मुंडावळ्या कुठायत?"

तुझी बहीण हसत नाही. म्हणते, चेष्टा पुरे, सयाजीला लिहा, औषध धाड. तुझ्या दुकानात लोक कुठून कुठून येतात, मग घरच्या माणसाला नको काय?

तेव्हा धाड.

हैबती

*

महाड
१४ डिसेंबर १९५७

तीर्थरूप बायस आणि दाजींस सयाजीचा नमस्कार.

बाय, खानावळीत मी दोनच वेळा जेवलो. गोमाजी चहात पाणी घालतो तसं बोलण्यातही घालतो.

बाटल्या याच गोमाजीच्या हाती देतो आहे. तो दर आठवड्याला साखर-चहापत्ती न्यायला इथे येतो, स्टँडवरच्या त्याच्या हॉटेलातून दाजींनी उचलाव्यात. आत एका मुळीचा अर्क आहे. इंग्रजीत त्या झाडाला डँडेलियन म्हणतात. बाटलीवर आणखीच अवघड नाव आहे, ते वाचायच्या भानगडीत पडू नका. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला होतो तेव्हापासून बघतो, यकृताच्या मिक्श्चरात हे पडायचंच. पुढे कंपाउंडर झालो तेव्हा माझ्याच हाताने घालत होतो. बांधावर पाथरी उगवते ना, तिच्याच कुळातलं. तशीच पानं, तसाच चीक, पिवळं फूल. फूल वाळलं की त्याची म्हातारी होऊन वाऱ्यावर उडते. महाबळेश्वरला साहेब लोकांच्या बंगल्यांपुढच्या हिरवळीत अजून येतं. मी आपलं तिला म्हातारीची मुळी म्हणतो, गिऱ्हाइकांना लक्षात राहतं.

कडू आहे. भूक लावते, पित्ताला वाट देते. साधी कावीळ असेल तर पथ्याबरोबर हिचा हात लागतो. साधी नसेल तर लागत नाही, म्हणून दाजींनी एकदा महाडला येऊन डॉक्टरांना पोट दाखवावं. मी औषध विकतो, पोट तपासत नाही.

दोन चमचे, पाण्यातून, जेवणाआधी. तेल, तळलेलं, मटण बंद. माळ ठेवा किंवा काढा, ती काही बिघडवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अर्क टिकावा म्हणून त्यात स्पिरिट असतं. दोन चमच्यांना ते काही करत नाही, पण पिणाऱ्या माणसाला ही बाटली मी देत नाही, मग तो कुणी का असेना. दाजी, मुंबईला गोदीत होता तेव्हा तिथल्या संगतीचं मी ऐकून होतो. गाव धरलं तेव्हा बायच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही शब्द दिलात, तेव्हा मी समोर होतो. म्हणून विचारतो, राग मानू नका, आणि हे बायला वाचून दाखवा: सुटलं ते सुटलेलंच आहे ना?

सयाजी

*

कापडे
२ जानेवारी १९५८

चिरंजीव सयाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र सबंध वाचून दाखवलं. स्पिरिटाचं वाचलं, शब्दाचंही वाचलं. ती काही बोलली नाही. आज बोलायला बसली आहे, म्हणून आज लिहितो.

म्हणते, मुळीचा गुण आला. हात स्थिर झाला, दोन घास जास्त जातात, चिडचिड कमी झाली. घराबाहेर जायचं नाव घेत नाहीत. बाटल्या संपल्या. आणखी धाड, आणि मोठ्या धाड, लहानांनी भागत नाही.

म्हणते, तू विचारलंस त्याचं उत्तर, घरात तसलं काही नाही. तुझ्या दुकानचं आहे तेवढंच. भावाच्या हातचं आहे, बाहेरचं नाही, म्हणून मला धास्ती वाटत नाही.

म्हणते, डॉक्टरचं शिमग्यानंतर बघू. बाकी सर्व ठीक.

माळ ठमाबाईने काढून नेली.

हैबती

*

महाड
८ जानेवारी १९५८

तीर्थरूप बायस नमस्कार.

गुण आला हे वाचून गोदावरीने देवापुढे साखर ठेवली. गोमाजी आलेलाच होता, त्याच्याबरोबर लगेच मोठ्या बाटल्या रवाना केल्या. बाकी खुशाल. भात मीच टाकतो आहे, गोदावरीला ताप होता.

दाजी, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. बायला वाचून दाखवायचं तर दाखवा, नाहीतर नका दाखवू.

बाटल्या गेल्यावर तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं. गल्ल्यावर बसून माझे कान असे झालेत की गिऱ्हाईक 'पोरासाठी' म्हणतं तेव्हा औषध कुणाला हवं आहे ते मला त्याच्या आवाजावरून कळतं. कागदालाही आवाज असतो. तुमच्या हातची बायची पत्रं मी इतकी वर्षं वाचतो आहे. कुठे ती थांबते आणि कुठे तुम्ही घुसता ते मला दिसतं. या वेळी एक गोष्ट दिसली नाही. बायने मला शिवी दिली नाही. मी चौथीत नापास झालो तेव्हापासून आजवर तिचा असा एकही निरोप आलेला नाही. आणि 'लहानांनी भागत नाही' हे कोण म्हणालं? तिच्या घरात मीठ संपलं तरी ती शेजारी मागत नाही.

त्या बाटल्या दोन चमच्यांनी शिमग्यापर्यंत पुरायला हव्या होत्या.

मी भांडत नाही. खरं काय ते मला एकट्याला लिहा. तुमचं माझं काही आजचं नाही. मुंबईहून पहिल्यांदा आलात तेव्हा मला अर्धी चड्डी आणि इंग्रजी अक्षरांचं पुस्तक घेऊन आला होता. त्या अक्षरांवर मी लेबलं वाचायला शिकलो.

सयाजी

*

कापडे
२० जानेवारी १९५८

प्रिय सयाजी,

हे माझं एकट्याचं. ती रानात शेण्या आणायला गेली आहे.

तुझे कान म्हणजे पोलीस खात्यात हवे होते. पण या वेळी पंचनामा चुकला. ती ओळ तिचीच आहे, गळ्याशपथ. मी लिहीत नव्हतो. माझी ओळ असती तर मी बाटल्या मागितल्याच नसत्या, निदान मोठ्या तर नक्कीच नाही. तुला पटणार नाही. मलाही पटलं नसतं. गोदीत रजेसाठी मी आमचा म्हातारा इतक्या वेळा मारला की तो खरंच गेला तेव्हा साहेबाने रजा दिली नाही.

बाटल्या संपल्या कारण एक फुटली आणि एक मांजराने पाडली. हे वाचून तू हसणार, तर हस.

सकाळी हात कापतो. आता लिहितो आहे तेव्हा ठीक आहे. अक्षर बघ, सरळ आलं आहे ना? तुझा अर्क घेतला की तासभर मी पूर्वीचा हैबती असतो. ती चूल पेटवते, मी उंबऱ्यात बसतो, काहीतरी बोलतो, ती हसते. सयाजी, ती हसली की मला वाटतं, हेच यकृत आहे आपलं, बाकी डॉक्टर काय ते बघून घेईल.

डॉक्टरकडे येत नाही. तो काय सांगणार ते मला ठाऊक आहे, आणि तो ते तिच्यासमोर सांगेल.

रागावू नको.

हैबती

*

महाड
३ फेब्रुवारी १९५८

दाजी,

काल गोमाजी आला होता. दुकानात गर्दी होती. त्याने साखरेचं पोतं बाहेर ठेवलं आणि उगीच रेंगाळत राहिला. गर्दी ओसरल्यावर म्हणाला,

"सयाजीशेट, त्या पार्सलात काय असतं?"

"मुळी."

"मुळी लय गोड दिसते."

"कडू आहे."

"मग दाजींनी तोंड वाकडं का नाय केलंन?"

मी विचारलं, कधी. तर म्हणाला, "पार्सल न्यायला आले त्याच दिवशी. माझ्या मागच्या बाकावर बसले, कागद सोडलान, बूच काढलान. मी म्हटलं पाणी देऊ? तर म्हणाले, पाण्याने बाधतं. जाताना कापड्याच्या गाडीत मीच चढवले, शेट. कंडक्टरने नाकाला रुमाल लावलान."

गोमाजी खोटं बोलतो तेव्हा हात हलवतो. काल त्याचे हात खिशात होते.

दाजी, तुम्ही प्यालात त्याचं एक दुःख. माझ्या बाटलीतून प्यालात त्याचं दुसरं. पण माझ्या बहिणीच्या तोंडून मागितलंत, तिला लिहिता-वाचता येत नाही म्हणून तिच्या नावावर माझ्याकडून दारू मागवलीत, हे मी सोसू शकत नाही. लोक उंबरे झिजवतात तरी मी नियम मोडत नाही, आणि तुम्ही तो माझ्या मायेच्या माणसाचं नाव पुढे करून मोडवलात. या गोष्टीसाठी मला शब्द सापडत नाही. सापडतो तो लिहिण्यासारखा नाही, तरी लिहितो: तुम्ही चोर आहात.

अर्क बंद. महाबळेश्वरला कुशाबा माळी माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडून मुळी खणून, वाळवून आणली आहे. तीच म्हातारीची मुळी, स्पिरिटाशिवाय. एक मूठ ठेचून पाण्यात उकळायची, अर्धं पाणी आटलं की गाळून द्यायची. त्याने गेलेलं यकृत परत येतं असं मी म्हणत नाही. पण ही तरी स्वच्छ आहे.

हे पत्र बायला वाचून दाखवा. एक शब्दही न गाळता. गाळलात तर मला कळेल.

सयाजी

*

कापडे
१२ फेब्रुवारी १९५८

श्री. सयाजीराव यांस,

मी कमलाकर, इथल्या शाळेवरचा मास्तर. आपल्या भगिनींनी घरी बोलावून मागच्या पडवीत हे पत्र सांगितलं. मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका, असं त्यांनी बजावलं आहे. इथे ऐकलेलं माझ्यापाशीच राहील.

सयाजी,

मास्तरांपुढं हे सांगायची येळ आली. आजवर आपलं काय ते घरात राहत व्हतं.

तुझं पत्र त्यांनी वाचलं. एक शब्द गाळला नाय. तू शिवी दिलीस तिथं थांबले, पाणी प्यायले, परत तीच ओळ वाचली आनि मग पुढं गेले. वाचून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला आनि म्हणाले, आता तूच सांग त्याला. त्यांना चोर म्हणू नकोस, येवढं बी मला लिहायला येत नाय, म्हणून मास्तर.

रे सयाजी, मोठ्या बाटल्या मी सांगितल्या. ते लिहीत नव्हते. म्हणाले, सयाजीचं दुकान हाय, नाव हाय, असं करू नको. मी चूल सोडून उठले. म्हटलं, लिहीत नसाल तर रात्री भाकर टाकणार नाय. तेव्हा लिहिलं.

तुला वाटतं मुंबई सुटल्यापासून दारू सुटली व्हती. दोन वर्सं सुटली. मग नदीपल्याड भट्टी लागली. मी तुला कसं सांगणार व्हते? सांगायचं ते त्यांनाच सांगायचं, त्यांनी लिहायचं. आपल्याच हातानं आपली चहाडी कोण लिहील? आनि लिहिली असती तरी मी सांगितली नसती. माहेरी नवऱ्याचं उणं न्यायचं नाय, हे आपल्या आयेनंच मला सांगितलं, तू तेव्हा तिच्या मांडीवर व्हतास.

श्रावणात पोलीस आले. चौघांना दोरीला बांधून पोलादपूरला चालवत नेले. ते त्या दिशी तापानं घरी व्हते म्हणून सुटले. भट्टीतलं पिऊन खालच्या आळीतल्या चांगूचे डोळे गेले. मी रोज दिवा लावताना त्यांचे डोळे बघायची. मग ते पिवळे झाले.

तुझ्या पत्रात स्पिरिटाचं वाचलं तेव्हा मी काय बोलले नाय, कारण मनात गणित चाललं व्हतं. पोटात जायचं ते जाणारच. मग भट्टीचं का जावं? भावाच्या दुकानचं जाऊ दे, साफ असतंय, शिक्का असतोय. आनि त्यात मुळी बी हाय. इखाच्या पाठी औषध जाईल. एका बाटलीत दोन्ही. मला वाटलं, देवानंच तुला ते लिहायची बुद्धी दिली. आनि खरंच ते नदीपल्याड जायचे थांबले. महिनाभर घरात बसले. मी तुला शिवी दिली नाय म्हणतोस. कोणत्या तोंडानं देऊ? तुला फसवायला बसले व्हते.

आता मुळी उकळून देते. घेतात, पोरासारखं निमूट घेतात. पण पाय सुजले. पोट मडक्यासारखं झालंय. काल खोकल्यात रगत आलं. हात कागदावर ठरत नाय.

तू ये. रागात येशील तरी ये.

बाय

*

महाड
१० मार्च १९५८

मास्तर,

हे पत्र बायला घरात बसून वाचून दाखवा, ओट्यावर नको. आपण तिच्यासाठी करता आहात ते मी विसरणार नाही.

तीर्थरूप बायस सयाजीचा साष्टांग नमस्कार.

तू घर उघडायला पुढे गेलीस, मागून दाजींना जीपमधून नीट पोचवल्याचं ड्रायव्हरने सांगितलं. वाटेत त्याला मुंबईचे किस्से सांगत होते, त्याने हसत हसत एका वळणावर ब्रेक उशिरा लावला म्हणे. इथे दवाखान्यातही तसंच. पोटातलं पाणी काढत होते तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, विहीर खोल आहे, दोर लांब घ्या." नर्स बाहेर जाऊन रडली.

तुझ्यासमोर डॉक्टर थोडकंच बोलले. नंतर मला आत बोलावलं. यकृत दगडासारखं झालं आहे. पाणी पुन्हा भरेल, पुन्हा काढता येईल, पण आणखी काही करता येणार नाही. मुंबईला न्यायचं का विचारलं तर म्हणाले, त्यांना घरी जायचं आहे, त्यांचं ऐका.

मी विचारलं, बाटल्यांनी किती झालं. म्हणाले, "हे वर्षांचं काम आहे, सयाजी, तुझ्या बाटल्यांचं नाही." ते खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले, हे मला कळलं नाही. बाय, मी जन्मभर आवाजावर माणूस ओळखत आलो. दवाखान्यात झाडू मारत होतो तेव्हापासून या डॉक्टरांचा आवाज ऐकतो आहे. त्या वेळी मी कान देऊन उभा होतो आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

तुझी ओळ तुझी नाही असं मी ठरवलं. दाजी शपथ घेऊन खरं सांगत होते, त्यांना चोर म्हटलं. तुझं पत्र मिळाल्यावर तुम्हाला न्यायला आलो तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो, तर पाय मागे घेऊन म्हणाले, "सुजलेत रे, दाबू नको." पुढे त्यावर बोलूच दिलं नाही.

आणि तू. तू जे गणित केलंस ते मी तुझ्या जागी असतो तर कदाचित केलं असतं. तुला मी काय बोलू? फक्त एकदा गोमाजीच्या तोंडी निरोप धाडला असतास, 'भाऊ, ये' एवढाच, तर मी दुकान उघडं टाकून आलो असतो. नाही धाडलास. आयेचं ऐकलंस. मी तेव्हा तिच्या मांडीवर होतो, मला काय कळणार.

मुळी आणखी धाडली आहे. तिने आता काही व्हायचं नाही, पण दाजी जाताना म्हणाले, "ती उकळते तेव्हा घरात वास येतो, बरं वाटतं, धाडत जा." म्हणून धाडली.

काही कमी-जास्त वाटलं की मास्तरांना पोलादपूरहून फोन करायला सांग. मी लगेच निघेन.

सयाजी

*

कापडे
२९ एप्रिल १९५८

सयाजी,

मास्तर लिहितायत. तू मातीला आलास, परत दहाव्याला आलास, बाराव्यापर्यंत राहिलास, पण घर माणसांनी भरलेलं. मी कोपऱ्यात, तू पुरुषांत. आपलं बोलणं झालं नाय. एकदा तू पाण्याला आत आलास तेव्हा मी तोंड उघडलं, तर मागून त्यांच्या आत्या आल्या.

गावाला मी कावीळ सांगितलीय. तू बी तीच सांग. मास्तरांना ठाऊक हाय, गोमाजीला ठाऊक हाय, खालच्या आळीला बी ठाऊक असंल. तरी कावीळच सांग. तोंडावर कुणी नाय म्हणणार नाय.

तू जाताना गोमाजीजवळ बोललास, ते त्यानं मला सांगितलं. दुकानातल्या उरलेल्या बाटल्या गटारात ओतल्यास म्हणे. गोदावरीशी बोलत नायस. गल्ल्यावर बसत नायस. म्हणून मी हे पत्र सांगते.

ते गेले त्याच्या आदल्या दिशी दुपारी उन्हं पडवीत आलेली. मला म्हणाले, "कागद घे, सयाजीला लिहायचं हाय." मी म्हटलं, मास्तरांना बोलावते. "मास्तर नको. तू लिही." म्हटलं, मला येतं काय? म्हणाले, "पेन्सिल तर धर." मी धरली. ते सांगायला लागले आनि मी कागदावर ओळी ओढायला लागले, नुसत्या, भात लावतात तशा एकामागं एक. त्यांनी बघितलं. म्हणाले, "ओळ वाकडी जाते, हळू लिही." मी हळू केलं.

सांगितलं ते हे. चिरंजीव सयाजीस दाजीचा आशीर्वाद. तू दोन चमचे लिहिलेस. बाटली मी केली. तुझ्या बहिणीनं मागितली ती मला जवळ ठेवायला मागितली. तुम्हा दोघांत कुणाचं चुकलं ते शोधत बसू नका, शोधलंत तर एकमेकांच्या घरी जायचं सोडाल, आनि मग तिला कुणाचं घर? दुकान चालू ठेव. मुळी वाईट नव्हती. तिला भाऊबीजेला ने, नाय आली तर तू ये. येताना भात करून ये, खानावळीत जेवून येऊ नको.

हे शेवटचं ते माझ्या आवाजात म्हणाले आनि हसले, मग खोकला आला. मी पाणी पाजलं.

येवढं तुझं. भाऊबीजेला तू ये. मी आले तर बायका इचारतील, माहेरी किती दिस राहायची, आनि मला त्याचं उत्तर द्यायचं नाय.

त्यांचं बोलणं तिथं थांबलं नाय. पुढं बरंच बोलले, उन्हं अंगणात जाईस्तोवर. ते तुझ्यासाठी नव्हतं. तरी मी पेन्सिल खाली ठेवली नाय, ओळी काढत राहिले, कागदाची दुसरी बाजू बी भरली. मास्तर इचारतायत, पुढं काय लिहू. मी म्हटलं, पुढचं लिहायचं नाय.

तो कागद तू मागशील. धाडत नाय. तुला वाचता यायचा नाय, मला येतो.

बाय